तपकिरी कोळसा कुठे उतरतोय, कुठे चढतोय आणि का?

सांजवारा
गेला महिनाभर तपकिरी कोळशाचे, म्हणजे लिग्नाइटचे, देशोदेशीचे आकडे वाचतेय. आज युरोपीय संघात असलेल्या सत्तावीस देशांनी मिळून १९९० साली साधारण ६८ कोटी टन तपकिरी कोळसा जाळला होता. २०२३ मध्ये तो २२ कोटींच्या आसपास आला. तेहतीस वर्षांत दोन तृतीयांश वापर गेला. उलट तुर्कस्तान, सर्बिया, पाकिस्तान, लाओस इथे तो एक तर जागच्या जागी आहे किंवा वाढलाय.

दगडी कोळशाबद्दल नेहमी ऐकतो की एका देशाने तो सोडला की भाव पडतो आणि तोच माल जहाजाने जाऊन दुसऱ्या देशात जळतो. लिग्नाइटचंही तसंच होतं का? जर्मनीने, ग्रीसने सोडलेला कोळसा दुसऱ्या कुणाच्या भट्टीत जातो का?

माझं मत आधीच सांगते. जात नाही. लिग्नाइट प्रवासच करत नाही, त्यामुळे एखाद्या देशाने तो सोडला की तो खरोखर जमिनीत राहतो. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. चुकत असेन तर दाखवा.

बिंदुमाधव
वाचतोय. तपकिरी आणि दगडी यांत नेमका फरक काय, तेही कुणीतरी सांगा.

वाफारा
मी बारा वर्षं एका लिग्नाइटवरच्या वीज प्रकल्पात बॉयलरवर काम केलंय, म्हणून लिहितो.

पीट (दलदलीत साचून कुजलेला झाडपाला) ते अँथ्रसाइट (सगळ्यात कडक दगडी कोळसा) या प्रवासात लिग्नाइट अर्ध्या वाटेवर थांबलेला असतो. ताजा तुकडा हातात घेतला तर ओलसर लागतो, रंग चॉकलेटसारखा, आणि नीट पाहिलं तर कधी कधी लाकडाच्या रेघा स्पष्ट दिसतात. नखाने खरवडता येतो. निम्म्याच्या आसपास नुसतं पाणी. ऑस्ट्रेलियातल्या लॅट्रोब खोऱ्यातल्या कोळशात तर साठ टक्क्यांच्याही वर. आम्ही आपसांत म्हणायचो, कोळसा कसला, पाणीच जाळतोय.

हे पाणी उडवण्यातच बरीच उष्णता जाते. म्हणून बऱ्याच ठिकाणी भट्टीच्या वरच्या भागातून तापलेला वायू ओढून चक्कीत आणतात आणि दळता दळताच कोळसा वाळवतात. तेवढ्याच मेगावॅटला बॉयलर दगडी कोळशाच्या मानाने अंगाने बराच मोठा लागतो. जर्मनीत नीडरआउसेमच्या एका संचाची बॉयलरची इमारत १७० मीटरच्या वर उंच आहे, यावरून कल्पना करा.

पावसाळा म्हणजे आमची परीक्षा. ओला लिग्नाइट बंकरच्या, म्हणजे चक्कीच्या वरच्या कोळशाच्या कोठीच्या, उताराला चिखलासारखा चिकटतो. वरून बंकर भरलेला दिसतो आणि खाली चक्कीत काहीच पडत नाही. मग रात्रभर माणसं बाहेरून पत्र्यावर घण मारत बसायची आणि आत ज्योत विझू नये म्हणून तेल जाळायला लागायचं. उन्हाळ्यात वेगळंच दुखणं. ढीग पडून राहिला की आतून आपोआप तापतो. पहाटे यार्डात गेलं की ढिगाच्या कुशीतून वाफ निघताना दिसायची आणि मागून धुराचा वास. लगेच डोझर घालून ढीग पसरायचा आणि दाबायचा.

म्हणून सांजवाराताईंचं म्हणणं मला पटतं. निम्मं पाणी आणि वर आपोआप पेटणारा माल कोण हजार किलोमीटर नेईल? खाणीच्या तोंडाशीच वीजकेंद्र बांधतात आणि पट्ट्यावरून थेट भट्टीत घालतात.

बिंदुमाधव
वाफारासाहेब, इतकं छान मला शाळेतही कुणी सांगितलं नव्हतं. आभार.

आकडेमोड
प्रश्न चांगला आहे, पण आधी दोन सावधगिरीच्या गोष्टी.

पहिली म्हणजे व्याख्या. सध्याच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात किलोमागे २० मेगाज्यूलपेक्षा कमी उष्मांकाचा तो लिग्नाइट, आणि २० ते २४ मधला सब-बिट्युमिनस. हे दोन्ही मिळून तपकिरी कोळसा. पूर्वी लिग्नाइटची रेघ साडेसतरा मेगाज्यूलच्या जवळ होती. म्हणजे जुना तक्ता आणि नवा तक्ता शेजारी ठेवला की काही देशांचा वापर कागदावरच उडी मारतो. शीर्षकात 'तपकिरी' आहे की 'लिग्नाइट', ते प्रत्येक तक्त्यात आधी बघा.

दुसरी म्हणजे टन. ग्रीसमधल्या टोलेमाइडाच्या लिग्नाइटचा उष्मांक किलोला १,३०० किलोकॅलरीच्या आसपास, भारतात नेयवेलीचा २,६०० च्या आसपास, अमेरिकेत नॉर्थ डकोटाचा साडेतीन हजारांच्या वर. ग्रीसचा एक टन आणि नॉर्थ डकोटाचा एक टन एका रांगेत मांडून 'कोण जास्त जाळतो' असं विचारण्यात अर्थ नाही. एकाच देशाचा कल बघायला टन चालतो. देशादेशांची तुलना करायची तर उष्णतेत मोजा.

आता मूळ मुद्दा. 'प्रवासच करत नाही' हे मला पूर्ण मान्य नाही. इंडोनेशियातून ३,४०० किलोकॅलरीचा, म्हणजे साधारण १४ मेगाज्यूलचा, कोळसा जहाजांनी चीनला आणि भारताला जातो. वरच्या व्याख्येने तो लिग्नाइटच्याच घरात बसतो. पाकिस्तानात थरच्या खाणीतला लिग्नाइट दूरच्या केंद्रांपर्यंत न्यायला रेल्वेमार्ग टाकण्याचं काम हाती घेतलंय.

सांजवारा
आकडेमोड, इंडोनेशियाचा मुद्दा बिनतोड आहे, मी तो धरलाच नव्हता. तरी तो कोळसा समुद्राच्या आणि नद्यांच्या काठाशी निघतो, बार्जने उतरतो, म्हणून परवडतो ना? पूर्व जर्मनीतल्या लुझॅटियाचा किंवा कोसोव्होचा लिग्नाइट कुणी जहाजात घालणार नाही. तर 'सहसा प्रवास करत नाही' असं म्हणते.

तिरपीउन्हं
जर्मनीचं कौतुक जरा जपून करूया. २०२२ मध्ये गॅस महागल्यावर त्यांनी काय केलं? राखीव ठेवलेले लिग्नाइटचे संच पुन्हा पेटवले. पुढच्या एप्रिलमध्ये शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या. जगाला उपदेश करायचा आणि गरज पडली की खाणीकडे धावायचं. मला हे दुटप्पी वाटतं.

आकडेमोड
तिरपीउन्हं, संच पेटवले हे खरं. येनश्वाल्डे, नॉयराट, नीडरआउसेमचे ते संच ऑक्टोबर २०२२ मध्ये बाजारात परत आले. पण खाणीतून निघालेला लिग्नाइट बघा: २०२१ मध्ये १२.६ कोटी टन, २०२२ मध्ये १३.१, २०२३ मध्ये १०.२ आणि २०२४ मध्ये ९.२. चढ एक वर्षाचा होता. अणुभट्ट्या बंद झाल्या त्याच वर्षी लिग्नाइट वीस टक्क्यांहून जास्त उतरला. कारखान्यांची मागणी घटली, वाऱ्याची वीज वाढली, शेजाऱ्यांकडून वीज आयात झाली आणि कार्बनचा भाव, म्हणजे कार्बन डायऑक्साइड सोडायच्या परवान्याचा दर, चढा होता. सगळं एकदम घडलं. एकाच कारणाला श्रेय देता येणार नाही.

आणि जर्मनीची खरी घसरण याच्या कितीतरी आधीची आहे. १९८०च्या दशकात एकट्या पूर्व जर्मनीत वर्षाला ३० कोटी टनांच्या पुढे लिग्नाइट निघत होता. घरं गरम करायला ब्रिकेट (कोळशाच्या दाबून केलेल्या विटा), कारखाने, रसायनं, वीज, सगळं त्यावरच. एकीकरणानंतर ते कारखाने बसले आणि दहा वर्षांत देशाचं एकूण उत्पादन ४० कोटींच्या वरून १७ कोटींच्या जवळ आलं. आलेखातला सगळ्यात मोठा उतार हवामान धोरणाचा नाहीच.

मृण्मयी
आकडेमोड, त्या उताराखाली माणसं होती हेही लिहा. पूर्व जर्मनीच्या लिग्नाइटमध्ये लाखाहून अधिक लोक कामाला होते, त्यातल्या बहुतेकांचं काम काही वर्षांत गेलं. कोळसा सोडणं म्हणजे काय, हे तिथल्या लोकांना विचारायला हवं. म्हणून नंतर २०२०च्या कायद्यात, जास्तीत जास्त २०३८ पर्यंत कोळसा बंद हे ठरवताना, खाणपट्ट्यांसाठी ४० अब्ज युरोपर्यंतची तरतूद केली. पहिल्या वेळचा धडा आठवत होता म्हणून.

ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियाचं हेझलवूड बघा. राज्याची जवळपास चौथा हिस्सा वीज तिथून यायची. नोव्हेंबर २०१६ मध्ये जाहीर केलं आणि मार्च २०१७ अखेर बंद. पाच महिने! पन्नास वर्षांहून जास्त काळ चाललेलं केंद्र आणि कामगारांच्या हातात पाच महिने. वापराचा आलेख तिथे कड्यावरून पडल्यासारखा उतरतो. माझा बंद करण्याला विरोध नाही. तारीख दहा वर्षं आधी सांगा, एवढंच म्हणणं आहे. त्याच खोऱ्यात यालूर्न २०२८ ला आणि लॉय यांग ए २०३५ ला बंद व्हायचंय, ते वर्षानुवर्षं आधी सांगितलंय. हा फरक मोठा आहे.

रानफूल
त्याच हेझलवूडच्या खाणीला २०१४ मध्ये आग लागली होती. ४५ दिवस जळत होती आणि मॉरवेल गाव धुरात. वाफारासाहेबांनी ढिगाचं लिहिलं ते वाचून आठवलं. इथे ढीग नव्हता, खाणीची अख्खी भिंतच कोळशाची.

पाऊलवाट
मी ऱ्हाईनलँडमधल्या गार्झवायलरच्या खाणीच्या कडेला उभा राहिलोय, दोन वर्षांपूर्वी. फोटोत ती खाण कळत नाही. समोर मातीचे थर, पिवळा, राखाडी, मग काळपट तपकिरी पट्टा, आणि लांबवर एक यंत्र, खेळण्याएवढं. मग दुर्बिणीतून त्याच्या पायथ्याशी एक गाडी दिसली आणि पोटात खड्डा पडला. ते बकेट व्हील एक्स्कॅव्हेटर, मोठ्या चाकावर बादल्या लावलेलं उकरायचं यंत्र. त्यातली मोठी यंत्रं तेरा हजार टन वजनाची आणि दिवसाला २ लाख ४० हजार घनमीटर उकरणारी. आवाज मात्र मोठा नाही. पट्ट्यांची एकसारखी घरघर, तीही वाऱ्याबरोबर कमीजास्त होणारी.

याच खाणीसाठी इमराट गावचं चर्च जानेवारी २०१८ मध्ये पाडलं. ल्युट्झेराट गाव जानेवारी २०२३ मध्ये पोलिसांनी रिकामं केलं. मी उभा होतो तिथून त्या गावाची जागा दाखवत होते, आणि दाखवायला काही उरलेलं नव्हतं.

खडूफळा
पाऊलवाट, चर्चवरून चेक देशातलं मोस्ट आठवलं. जुन्या शहराखाली तपकिरी कोळसा होता म्हणून शहरच पाडलं. फक्त गॉथिक चर्च वाचवलं. १९७५ मध्ये ते दहा हजार टनांहून जड चर्च रुळांवर चढवून जवळजवळ चार आठवड्यांत ८४१ मीटर सरकवलं. वर्गात सांगितलं तर मुलांचा विश्वास बसत नाही.

बिंदुमाधव
माझाही बसला नव्हता, आत्ता शोधून फोटो बघितला. कोळसा हलला नाही म्हणून चर्च हललं तर!

तिरपीउन्हं
आकडेमोड, आकड्यांबद्दल मागे हटतो. पण माझा मूळ आक्षेप उरतोच. युरोपीय संघ कमी करतो आणि शेजारचे देश जाळत राहतात. सर्बिया, बॉस्निया, कोसोव्हो. कोसोव्होची तर नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज लिग्नाइटची. त्यांनी काय करायचं?

वाफारा
त्यांना सोडणं सर्वांत कठीण. एका इंधनावर सगळं उभं असलं की ते इंधन बिघडलं तरी गत्यंतर नसतं. डिसेंबर २०२१ मध्ये सर्बियात ओब्रेनोवाचच्या निकोला टेस्ला केंद्रात चिखलमिश्रित खराब कोळसा गेला आणि संच एकामागोमाग पडले. त्याआधी मे २०१४च्या पुरात कोलुबाराची खाण पाण्याखाली गेली होती. ओल्या कोळशाने बंकर तुंबला की काय होतं हे मी पाहिलंय. तिथे सगळा देश त्या एका बंकरवर होता.

सांजवारा
वाफारासाहेब आणि तिरपीउन्हं, इथेच मला माझ्या मताला जोड द्यावी लागतेय. कोळसा सीमा ओलांडत नाही, पण तारेतून वीज ओलांडते. बाल्कनातलं लिग्नाइट केंद्र कार्बनचे पैसे न भरता स्वस्त वीज करतं आणि ती संघातल्या देशाला विकतं. संघात मात्र एक मेगावॅट-तास लिग्नाइटच्या विजेमागे साधारण एक टन कार्बन डायऑक्साइड, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्या एका टनाचा परवाना शंभर युरोंच्या पुढे गेला होता. कोळसा जवळपास फुकट, पण तो जाळण्याचा दंड मोठा. म्हणून २०२६ पासून सीमेवरच कार्बनचा आकार लावायचा निर्णय झालाय, आणि त्यात वीजही आहे.

सगळ्यात बोलकं उदाहरण लाओसचं. होंगसाचं १,८७८ मेगावॅटचं केंद्र तिथल्याच लिग्नाइटवर चालतं आणि बहुतेक वीज थायलंडला जाते. थायलंडच्या आकड्यांत तो लिग्नाइट दिसणार नाही. लाओसच्या आलेखात मात्र २०१५ नंतर उभी चढण.

आकडेमोड
हे मान्य. म्हणजे आता आपण दोघं एकाच ठिकाणी आलो.

मृण्मयी
पाकिस्तानचं कुणी लिहिलं नाही अजून. थरच्या वाळवंटाखाली १७५ अब्ज टन लिग्नाइट असल्याचं सांगतात. दशकानुदशकं नुसतं सांगतच होते. जुलै २०१९ मध्ये तिथलं पहिलं ६६० मेगावॅटचं केंद्र सुरू झालं. कारण परकीय चलन. आयात गॅस आणि आयात कोळशाला डॉलर लागतात, पायाखालच्या लिग्नाइटला लागत नाहीत. तुर्कस्तानचंही तेच. गॅस बाहेरून आणायचा, म्हणून घरचा लिग्नाइट. मग सोमाच्या खाणीत मे २०१४ मध्ये ३०१ माणसं गेली तरी धोरण तेच, आणि २०२३ मध्ये मुग्लाजवळ अकबेलेनचं जंगल खाणीसाठी तोडायला लागल्यावर गावातल्या बायका झाडांना धरून बसल्या तरी तेच.

मला वाटतं, चढणारा देश आणि उतरणारा देश यांतला फरक इथे आहे. उतरणाऱ्याला कार्बनचा भाव द्यावा लागतो. चढणाऱ्याला डॉलर द्यावे लागतात.

खडूफळा
मृण्मयीताई, पहिला परिच्छेद पटला, शेवटची दोन वाक्यं मात्र फारच सरळसोट झाली. ग्रीसलाही गॅस बाहेरूनच आणावा लागतो. तरी सप्टेंबर २०१९ मध्ये पंतप्रधान मित्सोताकिस यांनी २०२८ पर्यंत लिग्नाइट बंद करू असं जाहीर केलं आणि वापर कोसळला. एकेकाळी वर्षाला ७ कोटी टनांच्या जवळ, २०२३ मध्ये एक कोटीच्या आसपास. पोलंडही संघातच आहे, कार्बनचा भाव तोच, पण बेवखातूफ अजून चालू आहे, युरोपातलं सर्वांत मोठं लिग्नाइट केंद्र, ५ हजार मेगावॅटच्या आसपास. चेक सीमेजवळच्या तुरूफच्या पोलिश खाणीमुळे आमचं पाणी आटतंय असं म्हणत चेक सरकार युरोपीय न्यायालयात गेलं. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने दिवसाला ५ लाख युरो दंड लावला, तरी पोलंडने खाण थांबवली नाही. शेवटी दोन्ही सरकारांनी २०२२ मध्ये समझोता केला.

मृण्मयी
बरोबर आहे, पोलंड माझ्या चौकटीत बसत नाही. ग्रीसच्या बाबतीत मात्र कोळशाचा दर्जाच इतका हलका की कार्बनचा भाव चढल्यावर तो आधी बाद झाला. १,३०० किलोकॅलरी वर आलेच आहेत.

रानफूल
भारताचं काय?

आकडेमोड
भारत बराचसा सपाट. गेली दहा-बारा वर्षं वर्षाला साधारण साडेतीन ते पावणेपाच कोटी टनांच्या दरम्यान. साठ्याचा सुमारे ऐंशी टक्के हिस्सा तमिळनाडूत, बाकी बहुतेक राजस्थान आणि गुजरातेत. दगडी कोळसा अब्ज टनांच्या घरात गेला, लिग्नाइट तिथेच. कारण वाफारासाहेब जास्त चांगलं सांगतील.

वाफारा
जमीन आणि पाणी. नेयवेलीसारख्या खाणीत एक टन लिग्नाइटमागे पाच-सहा घनमीटर माती हलवावी लागते. थराच्या खाली दाबाखालचं पाणी आहे. ते अखंड उपसलं नाही तर खाणीचा तळ फुटून पाणी वर येईल. पंप रात्रंदिवस चालू ठेवायचे आणि दर वर्षी पुढची जमीन घ्यायची. ती शेतजमीन असते. २०२३ मध्ये उभ्या भातात यंत्रं घातल्यावर केवढा भडका उडाला, ते बातम्यांत होतंच.

पाऊलवाट
पाण्यावरून लुझॅटिया. तिथे सॉर्ब लोकांच्या (तिथल्या स्लाव्ह अल्पसंख्याकांच्या) वस्तीसह शंभराहून अधिक गावं खाणींत गेली. खाणी भूजल उपसून श्प्रे नदीत सोडतात. कोरड्या उन्हाळ्यात त्या नदीच्या पाण्याचा मोठा हिस्सा हाच उपसा असतो, आणि ती नदी पुढे बर्लिनला जाते. खाण बंद झाली की उपसा बंद, आणि शिवाय रिकाम्या खड्ड्यांची तळी करायला उलट पाणी लागणार. ऱ्हाईनलँडमधल्या हांबाख खाणीचा खड्डा ऱ्हाईन नदीच्या पाण्याने भरायला काही दशकं लागतील असा हिशेब आहे. लिग्नाइटचा वापर शून्य झाला तरी त्याचं पाणी चालूच राहतं. हे मी कुठल्या आलेखात पाहिलं नाही.

सांजवारा
पाऊलवाट, हे मला अजिबात ठाऊक नव्हतं. वापराच्या तक्त्याशेजारी उपशाचाही तक्ता करायला घेते. ज्यांच्याकडे नेयवेली, लुझॅटिया, लॅट्रोब इथल्या उपशाची माहिती असेल त्यांनी इथेच टाकावी.

वाफारासाहेब, लाकडाच्या रेघांचा तुकडा तुमच्याकडे असेल तर फोटो टाकाल का?

वाफारा
होता. निवृत्त होताना मुठीएवढा घेऊन आलो होतो, रेघा अगदी वर्षावलयांसारख्या. पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवला. तुमचं वाचून आत्ता खोकं उघडलं. वाळून भेगा पडल्यात, पापुद्रे सुटलेत, खाली सगळा भुगा. उरलेल्यात अंगठ्याएवढा एक तुकडा धड आहे, त्यावर रेघा दिसतात. सकाळच्या उजेडात काढून टाकतो.